वीस पावलं

रोलर बँडेजची गाठ दोन प्रकारे मारता येते. एक ओढली की सुटते, दुसरी सुटत नाही. त्या रात्री मी कुठली मारली होती ते पक्कं आठवतं, कारण सकाळी ती कात्रीने कापावी लागली.

२०१० चा पावसाळा. एका सरकारी रुग्णालयातला पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. खाटा ३०, पेशंट ४६, जास्तीचे खाली गाद्यांवर. नाईटला आम्ही दोघी स्टाफ, एक मावशी, आणि हाक मारली तर दुसऱ्या वॉर्डातून येणारे एक मामा. सहा नंबरच्या खाटेवर पॅरालिसिसचे आजोबा होते. डावी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, पाणी पाजलं तरी ठसका लागायचा, म्हणून नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे थेट पोटात अन्न सोडायची नळी. उजवा हात मात्र शाबूत होता. आयुष्यभर शेतात राबलेला हात, अंगठ्याच्या बुडाशी कोयत्याचा जुना वण.

त्या हाताने त्यांनी रात्री साडेअकराला नळी ओढून काढली. मी परत घातली. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत नळी मोजायची, जेली लावायची, ‘आजोबा, गिळा, गिळा’ म्हणत पुढे सरकवायची, सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायची. या सगळ्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नळी घालताना ते कुणाच्याही डोळ्यांतून येतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. दीडला त्यांनी ती पुन्हा काढली. मी पुन्हा घातली. तीनला तिसऱ्यांदा हात नाकाकडे गेला आणि त्याच वेळी पलीकडच्या रांगेत एकाला रक्ताची उलटी झाली. मी ट्रॉलीवरचं बँडेज उचललं, आजोबांचं मनगट खाटेच्या लोखंडी दांडीला बांधलं आणि तिकडे धावले. खाली कापूसही घातला नाही.

पहाटे केस पेपरवर लिहिलं: ‘पेशंट रेस्टलेस. आरटी रीइन्सर्टेड. रेस्ट्रेंट अप्लाइड.’ म्हणजे पेशंट अस्वस्थ, नळी परत घातली, हात बांधला. खाली सही, वेळ.

सातला दार उघडलं तशी आजोबांची बायको आत आली. ती रात्रभर बाहेर व्हरांड्यात असायची. तिने मनगट पाहिलं. मी गाठ कापली तेव्हा तिथे लाल वळ उठला होता. पदराचं टोक बाटलीतल्या पाण्याने ओलं करून ती तो वळ पुसायला लागली, जणू लागलेला डागच आहे आणि पुसला की जाईल. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “बाई, ह्यांनी काय केलं व्हतं?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा पोटात कालवलं. हात बांधले म्हणजे माणसाने काहीतरी गुन्हा केला असणार, असं ती समजत होती.

“काही नाही आजी, नळी काढत होते सारखी.”

“मग नगं आसंल त्यास्नी,” ती म्हणाली.

मॉर्निंगच्या स्टाफला ओव्हर देऊन, म्हणजे वॉर्ड तिच्याकडे सोपवून, मी घरी गेले. आजोबा नवव्या दिवशी गेले. माझ्या नोंदीत काही चूक नव्हती, कुणी काही विचारलं नाही, आणि कागदापुरतं ते प्रकरण तिथेच मिटलं.

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तीन वर्षांत कायदा आम्हाला खरं तर एका वाक्यात शिकवला गेला: जे लिहिलं नाही, ते केलं नाही. पुढे-मागे कोर्टात गेलं तर कागद बोलेल, तुम्ही नाही. ही शिकवण चुकीची नाही. तिच्यामुळे इंजेक्शनची वेळ, सलाईनचा वेग, लघवीचं माप या गोष्टी नीट लिहिल्या जातात आणि त्यातून जीव वाचतात. पण तिचा दुसरा अर्थही हळूहळू मनात मुरतो, तो कुणी शिकवत नाही. लिहिलं म्हणजे झालं. ‘रेस्ट्रेंट अप्लाइड’ हे दोन शब्द लिहिले आणि त्या बांधलेल्या हाताशी माझा संबंध संपला. नोंद मला वाचवण्यासाठी होती. आजोबांसाठी त्यात एक अक्षर नव्हतं. हात का बांधला, आधी काय करून पाहिलं, किती वेळाने सोडला, त्यांना काय हवं होतं, यातलं काहीच नाही.

दिवा हातात घेऊन आम्ही जी शपथ घेतली तिच्यातही पुढे मला असंच काहीतरी दिसलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची ती शपथ त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली ती. तिच्या मूळ मसुद्यात डॉक्टरांना निष्ठेने साथ देण्याचं वचन आधी येतं आणि रुग्णाच्या हिताला वाहून घेण्याचं त्यानंतर, त्याच वाक्यात. अठराव्या वर्षी पांढऱ्या गणवेशात, हातात मेणबत्ती धरून, डोळ्यांत पाणी आणून मी ती म्हटली होती आणि आजही ती मला पवित्र वाटते. पण निष्ठा आणि हित एकमेकांसमोर उभे राहिले तर काय करायचं, हे तिच्यात नाही.

नंतर दोनेक वर्षांनी पोस्ट बेसिक बी. एस्सी.ला, म्हणजे डिप्लोमानंतरच्या नर्सिंगच्या पदवीला, गेले. तिथे एका मॅडमनी सांगितलं, तुमच्या नोकरीतला असा एक प्रसंग लिहा जो अजून मनातून जात नाही. कुणाची चूक काढायची नाही, माफीनामा लिहायचा नाही. फक्त मागे वळून बघायचं. याला त्या रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस म्हणायच्या. फळ्यावर त्यांनी गिब्ज नावाच्या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाचं चक्र काढलं, १९८८ चं. काय घडलं, तेव्हा काय वाटलं, त्यात बरं काय वाईट काय, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुन्हा वेळ आली तर काय कराल. आम्ही बहुतेकींनी ते असाइनमेंट म्हणून घेतलं. चार पानं भरायची, इंग्रजी नीट लिहायचं, मार्क घ्यायचे.

मी सहा नंबरची खाट लिहायला घेतली. पहिले चार टप्पे सरसर झाले. माणसं कमी, पेशंट जास्त, रक्ताची उलटी, आम्ही दोघीच. सगळं खरंच होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ५ खाटांमागे एक परिचारिका आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ खाटांमागे एक असा आहे, हेही मी त्यात घातलं. आम्ही दोघी होतो ४६ जणांना. लिहिताना मला माझीच कीव येत होती आणि बरंही वाटत होतं. पाचव्या टप्प्यावर, आणखी काय करता आलं असतं, तिथे पेन थांबलं.

व्हरांडा.

पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणूस थांबू द्यायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. आजोबांचा मुलगा कामासाठी बाहेरगावी. मुलगी सासरी. म्हणून आजी रोज रात्री दाराबाहेर पोतं अंथरून बसायची. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. तीन वेळा नळी ओढली गेली तेव्हा तिन्ही वेळा ती जागी होती, दाराच्या काचेतून आत बघत होती. मी तिला आत घेऊन आजोबांच्या उशाशी बसवली असती, तो हात तिच्या हातात दिला असता, तर बँडेज लागलंच नसतं. एवढं साधं. आणि ते मला त्या रात्री सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी सुचलं नाही, दोन वर्षं सुचलं नाही. माणसं कमी होती हे माझं कारण खरं होतं. पण एक माणूस तिथे होतं, आणि त्याला आम्हीच नियम करून बाहेर बसवलं होतं.

रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस या शब्दाला आमच्या वॉर्डात कुणी मराठी शब्द वापरत नाही. मला विचाराल तर ते पेन थांबणं म्हणजेच ते. आधीची चार पानं म्हणजे माझी बाजू होती, आणि बाजू मांडताना माणूस शिकत नाही. परतल्यावर मी इनचार्ज सिस्टरांना भेटले, त्या मेट्रनकडे गेल्या. नियम बदलला नाही. पण ‘गरजेप्रमाणे नाईट स्टाफच्या परवानगीने एक नातेवाईक’ असं एक वाक्य खाली पेनने वाढवलं गेलं. ते पुरेसं होतं.

यानंतर बऱ्याच वर्षांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ माझ्या वाचनात आला. तो मानसिक आरोग्य संस्थांना लागू आहे, आमच्या मेडिसिन वॉर्डाला नाही. त्यातल्या ९७ व्या कलमात रुग्णाला बांधून ठेवण्याविषयी लिहिलंय. दुसरा उपायच उरला नसेल आणि तातडीचा धोका टाळायचा असेल तरच बांधता येईल, तेही गरजेपुरत्याच वेळासाठी. शिक्षा म्हणून बांधता येणार नाही. आणि पुढे, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही.

हे वाचताना मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते, गॅसवर दूध होतं आणि ते उतू गेलं. शिक्षा म्हणून नाही: हा आजीचा प्रश्न होता. कर्मचारी कमी म्हणून नाही: हे माझं उत्तर होतं. व्हरांड्यात पोत्यावर बसणाऱ्या, सही येत नसलेल्या बाईने एका वाक्यात जे विचारलं होतं, ते सात वर्षांनी देशाच्या संसदेने कलमात घातलं होतं. कायद्याची भाषा मला तोवर कायम डॉक्टर-वकिलांची वाटायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा खाटेजवळून आल्यासारखी वाटली. ही दोन वाक्यं प्रत्येक जनरल वॉर्डाला आणि प्रत्येक आयसीयूला लागू व्हावीत असं मला मनापासून वाटतं. सगळ्यात जास्त हात तिथेच बांधले जातात.

आता अरुणा शानबाग यांच्याविषयी लिहायचं आहे. महाराष्ट्रात परिचारिका, कायदा आणि मूल्यं हे तीन शब्द एकत्र उच्चारले की त्यांचं नाव टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करणारी पंचवीस वर्षांची परिचारिका ड्युटी संपल्यावर तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्या माणसाला जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली; लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर कधी लागलाच नाही. कायदा तिथे तिच्यापर्यंत पोचला नाही. मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला, सुरक्षित जागा मागितल्या. कपडे बदलायला एक नीट खोली हवी, ही मागणी किती साधी होती आणि ती किती उशिरा मागावी लागली, हे आठवलं की आजही माझा घसा दाटतो.

पुढची जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने जाईपर्यंत, अरुणाताई के. ई. एम.च्या चौथ्या वॉर्डाला लागून असलेल्या छोट्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिका पुन्हा उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं अशा मुलींनी, पिढीमागून पिढी, त्यांना अंघोळ घातली, घास भरवला, कूस बदलली. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही, असं रुग्णालयाने सांगितलं. ज्यांनी बॅक केअर दिली आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. दर दोन तासांनी कूस. चादरीची एक सुरकुती राहिली तरी कातडी लाल होते. सणाला, संपाला, पुरात, बॉम्बस्फोटांच्या दिवशीसुद्धा कुणीतरी ती चादर ताणून सरळ केली असणार.

२००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाताईंच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचं अन्न थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, अशी विनंती होती. निकाल ७ मार्च २०११ ला लागला. काटेकोर अटी घालून आणि उच्च न्यायालयाची परवानगी सक्तीची करून जीवनाधार काढून घ्यायला कोर्टाने देशात पहिल्यांदा मान्यता दिली, पण अरुणाताईंच्या बाबतीत विनंती मान्य केली नाही. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा? कोर्टाने म्हटलं, इतकी वर्षं रात्रंदिवस त्यांची सेवा करणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा. पुढे कधी त्यांचंच मत बदललं, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं.

त्या दिवशी आमच्या ड्युटी रूममध्ये आम्ही रडलो. जिंकल्यासारखं वाटलं. रुग्णालयाच्या बाजूने कोर्टात जे मांडलं गेलं होतं ते नंतर वाचलं. त्या अन्न घेतात, चेहऱ्यावर आवड-नावड दिसते, शौचाला किंवा लघवीला जायचं असलं की आवाज करतात आणि तो आवाज परिचारिका ओळखतात. हे ज्ञान कुठल्या यंत्राने दिलेलं नव्हतं. कुशीवर वळवताना, घास ओठाला लावताना हातांना कळलेलं होतं. आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ते ठेवलं गेलं.

तरीही मला वर्षानुवर्षं एक गोष्ट टोचत राहिली, आणि ती लिहिताना के. ई. एम.च्या कुठल्याही सिस्टरचा अनादर करायचा नाही मला. ओठाला लागलेला घास घेणं हा शरीराचा होकार मानला गेला. मग तीनदा नळी ओढणाऱ्या हाताचं काय? एक आम्हाला ऐकू आला, कारण तो आमच्या सेवेच्या बाजूचा होता. दुसरा ऐकू आला नाही, कारण तो आमच्या सेवेलाच नको म्हणत होता. सेवा हे मूल्य मोठं आहे. पण ज्याची सेवा करतो त्याचं ऐकणं हे वेगळं मूल्य आहे, आणि पहिलं दुसऱ्याला झाकून टाकू शकतं. नळी ओढणारा प्रत्येक जण नकोच म्हणत असतो असंही नाही. घशात टोचतं, मेंदूला सूज असते, ताप असतो, रात्री भास होतात. आजोबांना खरंच काय हवं होतं हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंच नव्हतं, एवढंच सांगता येतं.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि शुद्धीत असतानाच ‘मला हे उपचार नकोत’ असं लिहून ठेवायची सोय केली. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. मॅजिस्ट्रेटची सही गेली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. उपचार थांबवायचे तर रुग्णालयात दोन मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ.

दोन्ही मिळून सहा जण. सहाही डॉक्टर.

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं, कुठे परिचारिका राहून गेली आहे का बघायला. नाही. निर्णय झाला की व्हेंटिलेटरचा अलार्म बंद कोण करतं, ड्रिपचा वेग कोण कमी करतं, शेवटी तोंड पुसून हनुवटीखाली पट्टी कोण बांधतं? आणि त्याआधीच्या वीस रात्री तो माणूस कशाला हात लावू देत होता आणि कशाला नाही, हे कुणाला माहीत असतं? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सेवा करणाऱ्यांच्या म्हणण्याला इतकं वजन दिलं, आणि नंतरच्या कार्यपद्धतीत त्यांना खुर्चीच उरली नाही. नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा २०२३ मध्ये आला, १९४७ च्या जुन्या कौन्सिल कायद्याची जागा घ्यायला. शिक्षण, नोंदणी, दर्जा याबद्दल तो बोलतो आणि ते आवश्यकच आहे. पण मला त्या मंडळातली एक खुर्ची हवी आहे. मताचा अधिकार राहू द्या, निदान विचारा तरी.

आमच्याकडून इंग्लंडला गेलेली एक मुलगी तिथल्या सरकारी रुग्णालयात आहे. ती सांगते, तिथे दर तीन वर्षांनी नोंदणी चालू ठेवायची तर आपल्या कामाबद्दलचे पाच लेखी अनुभव द्यावे लागतात आणि दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेबरोबर बसून त्यावर बोलावं लागतं. २०१६ पासून आहे हे. “सिस्टर, इथेही निम्म्या जणी कॉपी-पेस्ट करतात,” असं ती म्हणाली. करत असतील. आपल्याकडे नूतनीकरणासाठी तास भरावे लागतात, हॉलमध्ये बसून, शेवटी सर्टिफिकेट घेऊन. त्या तासांतला एक तरी तास आपापली सहा नंबरची खाट लिहायला द्यावा असं मी प्रत्येक सभेत सांगते. माझी स्वतःची वही चालू आहे. त्यात पेशंटचं नाव नसतं, खाटेचा नंबरही नसतो. काय केलं ते केस पेपरवर. काय कळलं नाही ते वहीत.

मागच्या महिन्यात मॉर्निंगला गेले तर नाईटची नवी स्टाफ ओव्हर देत होती. फिमेल वॉर्ड, अकरा नंबर, ८० च्या पुढच्या आजी, रायल्स ट्यूब. “रात्री दोनदा काढली, सिस्टर,” ती म्हणाली आणि जरा थांबली. “हात नाही बांधला. नातीला बसवलं जवळ. मी आजींना विचारलं, नळी नको का, तर दोन्ही वेळा मान हलवली त्यांनी. समजून हलवली का, माहीत नाही.”

“हे लिहिलंस?”

“हे कसं लिहिणार?”

मी म्हटलं, जसं बोललीस तसं लिही. तिने उभ्याउभ्या लिहिलं, वेळेसकट, आणि शेवटी लिहिलं की राउंडला कृपया विचारावं.

दहाला राउंड आला. डॉक्टरांनी अकरा नंबरचा कागद उलटला, पुढे गेले, पुन्हा मागे येऊन तेच पान वाचलं. खाटेखालचा स्टूल पायाने पुढे ओढून ते आजींच्या तोंडाजवळ बसले. मग मान वर करून त्यांनी विचारलं, “नाईटला कोण होतं?”

तिची ड्युटी कधीच संपली होती. पर्स खांद्याला लावून ती कपाटाजवळ उभी होती.

“मी होते, सर,” ती म्हणाली आणि खाटेकडे आली.